दर सव्वासहा दिवसांनी एक शाळा

चार फुटांच्या बाकावर दोन मुलं बसतात. प्रत्येकाला दोन फूट मिळतात, वही सरळ ठेवता येते, कोपर टेकवता येतो. त्याच बाकावर तिसरं मूल आलं की प्रत्येकाच्या वाट्याला १६ इंच उरतात. कर्जत मार्गावरच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात, मधल्या मुलीला लिहिताना मी बराच वेळ पाहत होते. तिने वही तिरकी करून पोटाशी धरली होती. शेजारच्याने पान उलटलं की तिचं अक्षर हलायचं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण पहिलीपासून ती तशीच लिहीत आली होती. घरी येऊन मी या तिसऱ्या मुलाचा हिशेब मांडायला बसले आणि आकडे बघता बघता रात्र झाली.

सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवरचं बदलापूर घ्या. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती सुमारे १ लाख ७४ हजार झाली. दहा वर्षांत ७६ हजार माणसं वाढली, म्हणजे रोज २१. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर ५,००० लोकवस्तीमागे ५०० मुलांची एक प्राथमिक शाळा हवी. या हिशेबाने बदलापुरात दर आठ महिन्यांनी एक नवी प्राथमिक शाळा उघडायला हवी होती. आठ महिन्यांत एखाद्या संस्थेच्या इमारतीचा पहिला स्लॅबही पडत नाही.

आता जरा मागे सरकून अख्खा ठाणे जिल्हा पाहा. २००१ मध्ये तिथे ८१,३१,८४९ लोक होते. २०११ मध्ये १,१०,६०,१४८ झाले आणि ठाणे देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. (पालघर तेव्हा त्यातच होता, तो १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला.) नव्याने आलेले आणि नव्याने जन्मलेले धरून वाढ २९ लाख २८ हजारांची. सणवार, पाऊस, रविवार काही न वगळता दहा वर्षं रोज ८०० माणसं.

त्याच निकषाने भागाकार केला तर उत्तर येतं सव्वासहा दिवस. सलग दहा वर्षं, दर सव्वासहा दिवसांनी एक प्राथमिक शाळा. एकूण ५८५ च्या वर. सहावीपासून बारावीपर्यंतच्या शाळेसाठी निकष ७,५०० लोकांमागे एक असा आहे, म्हणजे आणखी ३९० शाळा. प्राथमिक शाळेला ०.४० हेक्टर आणि वरच्या शाळेला १.८० हेक्टर जागा धरली तर बेरीज ९३० हेक्टरांच्या पुढे जाते. दादरचं शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचं आहे. शाळांसाठी लागणारी जमीन अशा ८० हून जास्त शिवाजी पार्कांएवढी भरते. ती डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, मिरा-भाईंदर, विरार अशा ठिकाणी शोधायची, जिथे गुंठ्याचा भाव शेतकऱ्यापासून बिल्डरापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतो.

मुलांच्या बाजूने मोजलं तरी छाती दडपते. रोज वाढणाऱ्या ८०० माणसांत शंभरी पंधरा मुलं पहिली ते आठवीच्या वयाची धरली, तर रोजची १२० मुलं होतात. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक मागतो. तोच निकष सगळ्यांना लावला तर रोज चार वर्गखोल्या, चार शिक्षक, चार फळे आणि दोन मुलांना एक याप्रमाणे ६० बाकं. आज ६० आणली तर उद्या पुन्हा ६०.

ही माणसं आली कुठून? काही लोकलच्या दुसऱ्या टोकाकडून, मुंबईतून. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली, अडीच लाखांनी घटली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, चाळीतली दहा बाय बाराची खोली वाढत्या कुटुंबाला पुरेना, आणि लालबाग-परळ-गिरगावातली मुलं लग्नानंतर डोंबिवली, बदलापूर, विरारला संसार थाटू लागली. मागे राहिलेल्या मराठी शाळांचा पट उतरत गेला. उंच छताचे वर्ग आणि शिसवी टेबलं तिथेच राहिली. मुंबईत बाक आहे तर मूल नाही, आणि ६० किलोमीटरवर एका बाकावर तीन मुलं. दोन्हींच्या मधून रोज लाखो लोक लोकलने जातात-येतात, पण शाळेची इमारत काही लोकलमध्ये चढत नाही.

एक गोष्ट मला फार छळते. शाळेच्या नियोजनाला तब्बल सहा वर्षांची आगाऊ सूचना मिळत असते. आज जन्मलेलं मूल सहा वर्षांनी पहिलीच्या दारात उभं राहणार, यात अंदाज बांधायचा प्रश्नच नाही. मग नगरपालिकेची जन्मनोंदवही बघितली की झालं, असं वाटतं. पण आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. जन्म जिथे होतो तिथेच नोंदवायचा, असा कायदा आहे. त्यामुळे बदलापुरात वाढणाऱ्या बाळाचा दाखला निघतो सातारचा, चिपळूणचा नाही तर जुन्नरचा. बाकीची मुलं तीन-चार वर्षांची होऊन नव्या फ्लॅटबरोबरच गावात येतात. उपनगराबाहेरच्या या गावांची जन्मनोंदवही खरी असूनही अपुरी असते, आणि जितकं गाव झपाट्याने वाढतं तितकी ती जास्त अपुरी पडते.

शिक्षकांच्या बाबतीतही तेच. अनुदानित शाळेत संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, सप्टेंबरअखेरच्या पटावर होते. मुलं जूनमध्ये येतात, मोजणी सप्टेंबरला, पद मंजूर व्हायला पुढचं वर्ष. पट स्थिर असलेल्या गावात हे चालून जातं. वाढत्या गावात मुख्याध्यापक कायम गेल्या वर्षीच्या शिक्षकांत यंदाची मुलं शिकवत असतात.

शिवाय नव्या संकुलात सगळी जोडपी साधारण एका वयाची, म्हणून मुलंही एका वयाची. ती दिंडीसारखी निघतात. पहिलीत वर्षभराचा मुक्काम, मग दुसरीत, मग तिसरीत. ज्या इयत्तेत मुक्काम पडतो तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि दिंडी पुढे गेली की मागचा वर्ग मोकळा होतो. काही दशकांनी हेच संकुल आजी-आजोबांचं झालेलं असेल. म्हणून मला वाटतं, या गावांना कायमच्या भिंतींइतकीच जास्तीच्या खोल्यांची, म्हणजे आज वर्ग आणि उद्या ग्रंथालय होईल अशा बांधकामाची गरज आहे. पण बांधायला आधी जमीन हवी.

आणि जमिनीचं घड्याळ वेगळंच चालतं. विकास आराखडा मंजूर होतो त्या दिवशी एक मुलगी जन्मली, असं धरा. आराखड्यात तिच्या घराजवळ शाळेचं आरक्षण आहे. ती सहा वर्षांची झाली, तिथे गवतच आहे. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. तेव्हा ती पाचवीत. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं. तेव्हा ती सातवीत. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असं राज्याच्या नियमात लिहिलं आहे, पण तिच्या वाट्याला आलेला एक किलोमीटर आता टॉवरच्या पार्किंगमध्ये गेलेला असतो. मालकाचा दोष म्हणता येत नाही, त्यालाही त्याच्या जमिनीचे पैसे हवेत. जमीन पहिल्या दोन-तीन वर्षांत ताब्यात घेतली नाही तर पुढे ती घेणं परवडत नाही, एवढं साधं गणित आहे. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी त्या परिसरातली शाळेची जागा ताब्यात आहे का, हे बघायलाच हवं.

२०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ ची. २०११ साली पाळण्यात असलेलं बाळ दहावीच्या बाकावर पोचलं, तरी आपण त्याच मोजणीवर विसंबून आहोत.

पण मुलं मोजणारी एक बाई आपल्या दारात येते. पल्स पोलिओ १९९५ पासून चालू आहे. रविवारी बूथ आणि पुढचे दिवस घरोघर. तिच्या कागदाचा उपयोग डोसांपुरता होतो. त्याची बेरीज इमारतवार शिक्षण विभागाला मिळाली, तर पाच वर्षांनी कोणत्या रस्त्यावर किती तुकड्या लागतील हे आजच कळेल. गेल्या खेपेला आमच्या मजल्यावर ती आली तेव्हा मी दारातच होते. समोरच्या घराची बेल वाजवून तिने विचारलं, "ताई, पाच वर्षांखालचं कोणी?"

"एक हा. आणि एक माहेरी झालेली, परवाच घेऊन आलेय."

तिने कागदावर दोन रेघा ओढल्या, दोघांना डोस पाजला, चौकटीशेजारी खडूने खूण केली आणि जिना चढून वरच्या मजल्यावर गेली.