पंखा खोली गार करतो का?

मुलांनो, शाळेतून घामाघूम होऊन घरी आलात की दप्तर टाकून आधी काय करता? पंख्याचं बटण दाबता, हो ना! मग सांगा पाहू, पंख्याने गार काय होतं? खोली की तुम्ही?

चला, प्रयोगच करू या. खोलीचं तापमान दाखवणारी तापमापी घ्या. (ताप मोजायची नको बरं का!) पंखा बंद असताना आकडा लिहून ठेवा. मग पंखा जोरात सोडा आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. आकडा जवळजवळ तोच! आता तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून ती पंख्याखाली धरा. पाणी माठातलं नको, खोलीत ठेवलेलंच घ्या. आता आकडा खाली येऊ लागेल. पाण्याची वाफ होते तेव्हा ते जवळची उष्णता ओढून घेतं. आपल्या अंगावरचा घाम म्हणजे हे ओलं फडकंच! पंखा घाम वाळवतो, म्हणून आपण गार होतो. खोली होत नाही.

म्हणजेच रिकाम्या खोलीत पंखा फिरवणं हा विजेचा नुसता चुराडा.

आणखी एक गोष्ट मोठ्यांनीही ध्यानात ठेवावी. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखा गरम वाराच अंगावर सोडतो. तापमान 40 अंशांच्या वर गेलं, तर पंख्याने अंग उलट तापतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा दुपारी नुसत्या पंख्यावर भरवसा नको. ओल्या पंचाने अंग पुसा, पाणी पीत राहा आणि आजी-आजोबांकडे लक्ष ठेवा.

पंखा घेताना

दुकानात गेलात की रंग आणि नक्षी नंतर बघा, आधी खोक्यावरचे आकडे वाचा. साधारण 10 बाय 12 फुटांच्या खोलीला 1200 मिलिमीटरचा, म्हणजे 48 इंची पंखा पुरतो. लहान खोलीला 900 मिलिमीटरचा चालतो. दिवाणखाना लांबलचक असेल तर मधोमध एक लावण्यापेक्षा दोन बरे.

आता एक भागाकार. पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो, त्याला वॅटने भागा. समजा, दोन्ही पंखे 210 घनमीटर हवा देतात. एकाला 70 वॅट लागतात, दुसऱ्याला 35. पहिल्याचं उत्तर 3, दुसऱ्याचं 6. दुसरा सरस! पंख्यावरचे तारे याच भागाकारावरून ठरतात. 2023 पासून पंख्यांवर हे तारे सक्तीचे झाले आहेत.

कमी वॅटचे हे पंखे बहुधा ‘बीएलडीसी’ असतात. त्यांच्या मोटारीत कायमचे चुंबक असतात, म्हणून वीज कमी लागते. किंमत मात्र जास्त. मग हिशोब करा: 35 वॅट वाचले, पंखा रोज 10 तास चालला, तर महिन्याला साडेदहा युनिट वाचतात. तुमच्या बिलात एका युनिटचा दर बघा आणि गुणाकार आई-बाबांना दाखवा. असा पंखा जुन्या रेग्युलेटरवर मात्र चालवू नये.

लावताना आणि नंतर

पाती जमिनीपासून सुमारे 8 फूट वर हवीत आणि छतापासून निदान फूटभर खाली. छताला चिकटलेल्या पंख्याला वरून हवा ओढायला जागाच उरत नाही.

पाती एवढी गरगर फिरतात, तरी त्यांवर धूळ कशी बसते? पात्याला लागून असलेला हवेचा अगदी पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. त्यामुळे तिथली धूळ उडत नाही, चिकटून बसते. ती पुसायची युक्ती अशी: मेन स्विच बंद करून मोठ्या माणसाने भक्कम शिडीवर चढायचं. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा आणि दाबून मागे ओढायचा. धूळ अभ्र्यात! तुम्ही खालून शिडी धरा. पात्यावर भार देऊ नका. पातं वाकलं की पंखा डुलायला लागतो.

साधा पंखा मंद झाला किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होईना, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. ही छोटी डबी स्वस्तात बदलून मिळते. पण वीज बंद केल्यावरही तिच्यात विद्युतभार उरू शकतो, म्हणून ते काम वायरमनकाकांचं. खरखर ऐकू आली तर बेअरिंग तपासायला सांगा.

वर्षातून एकदा हूक, बोल्ट, त्याची पिन आणि रबर तपासून घ्या. सगळा भार त्यांच्यावरच असतो. वाढदिवसाला पंख्याला फुगे-पताका बांधू नका. आणि हो, बाबांनो, बाळाला उंच उडवून खेळवण्याआधी वर बघा, पंखा फिरतोय का ते!

आता या रविवारचा गृहपाठ. घरातले पंखे मोजा आणि माणसं नसलेल्या खोलीत कितीदा पंखा चालू सापडतो, ते आठवडाभर वहीत लिहा. ज्याच्या नावावर जास्त खुणा, त्याने पंखे पुसायचे. कबूल?