नळातील पाण्याची वाटखर्ची

एकाच टाकीवर दोन घरांचे नळ असतात. टाकीजवळच्या घरी घागर चटकन भरते. गल्लीच्या टोकाला मात्र करंगळीएवढीच धार येते. टाकी तीच, पाणी तेच. मग हा भेद का? एक साधा प्रयोग याचे उत्तर देतो.

एका उंच डब्याच्या बुडाशी लांब, आडवी नळी जोडावी आणि तिच्यावर समान अंतराने चार उभ्या काचनळ्या बसवाव्यात. टोकाची तोटी बंद ठेवून डबा भरला, की चारही काचनळ्यांत पाणी डब्यातील पातळीइतकेच चढते. स्थिर पाण्याचा दाब केवळ त्याच्या उंचीवर अवलंबून असतो.

आता तोटी उघडावी व डब्यातील पातळी कायम राहील असे पाणी ओतीत राहावे. काचनळ्यांतील पाणी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे एकापेक्षा एक खाली उतरलेले दिसेल. नळीच्या भिंतीलगतचे पाणी जवळजवळ अडून राहते आणि मधले पुढे धावते. या घर्षणात दाब खर्च होतो. हीच पाण्याची वाटखर्ची!

नळ दुप्पट लांब असेल, तर ही खर्ची दुप्पट होते. पाण्याचा वेग दुप्पट केला, तर ती मोठ्या नळांत सुमारे चौपट होते. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळातून नेल्यास ती सुमारे बत्तीसपट होते.

आपल्या क्षिप्रामाईच्या बाबतीतही हाच हिशेब करावा लागला. २०१४ साली नर्मदेचे पाणी सुमारे ४७ किलोमीटर लांबीच्या नळाने, सुमारे ३५० मीटर उंच चढवून, इंदूरजवळील उज्जैनी गावी क्षिप्रेच्या उगमाशी आणले गेले. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी त्याच पाण्यात स्नान केले. सेकंदाला ५ घनमीटर पाणी एवढे चढविण्यास सुमारे १७ हजार किलोवॉट शक्ती लागते. वाटेतील घर्षणासाठी पंपांना याखेरीज अधिक जोर लावावा लागतो. म्हणूनच अशा कामी रुंद नळ घालतात.

गल्लीतील नळालाही हाच नियम लागू आहे. कोणी नळाला मोटर लावून पाणी ओढले, की सामाईक नळातील वेग वाढतो, घर्षण वाढते आणि त्याचा भुर्दंड टोकाच्या घराला बसतो. तेथील घागर रिकामी राहते. आपली तोटी वेळेवर बंद करणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. शेजाऱ्याच्या वाट्याचा दाब त्याला परत देणे होय.