उपग्रह आपत्कालीन संपर्क उपकरणे (पदभ्रमण)

उपग्रह आपत्कालीन संपर्क उपकरण हे मोबाइल सेवा पोहोचत नाही अशा दुर्गम प्रदेशातून उपग्रहाद्वारे मदत मागण्यासाठी वापरले जाणारे, हातात मावणारे उपकरण होय. पदभ्रमण आणि गिर्यारोहण करणारे लोक ते सोबत बाळगतात. वैयक्तिक स्थाननिदर्शक बीकन (पीएलबी), सॅटेलाइट मेसेंजर आणि सॅटेलाइट फोन हे त्याचे तीन प्रमुख प्रकार आहेत. संदेश कोणत्या उपग्रहजालातून जातो, तो अखेर कोणाकडे पोहोचतो आणि संबंधित देशात उपकरणाच्या वापरास परवानगी आहे काय, या तीन बाबींवर उपकरणाची निवड अवलंबून असते.

इतिहास

संकटसंकेत उपग्रहांद्वारे टिपण्याची कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स या देशांनी उभारली. तिचा पहिला उपग्रह १९८२ च्या जूनमध्ये सोडण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघांचा शोध या उपग्रहामुळे लागला. प्रारंभी विमाने व जहाजे यांच्यासाठी असलेली ही सोय पुढे व्यक्तींनाही खुली झाली; अमेरिकेत जमिनीवर पीएलबी वापरण्यास १ जुलै २००३ पासून मुभा मिळाली. स्पॉट हे उपकरण २००७ मध्ये, तर दुतर्फा संदेशांची सोय असलेले इनरीच २०११ मध्ये बाजारात आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिका व कॅनडा येथे आयफोन १४ वर उपग्रहाद्वारे आपत्कालीन संदेश पाठवण्याची सेवा सुरू झाली.

प्रकार

पीएलबी: हे उपकरण ४०६ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर सुमारे ५ वॅट शक्तीचा संकेत साधारणपणे दर ५० सेकंदांनी पाठवते. संकेतात उपकरणाचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि जीपीएसची सोय असल्यास स्थानही असते. कोस्पास-सारसॅटची भूस्थानके हा संकेत संबंधित देशाच्या शासकीय शोध व बचाव यंत्रणेकडे पोहोचवतात. याशिवाय १२१.५ मेगाहर्ट्झवरील क्षीण संकेताच्या आधारे बचाव पथक अखेरच्या टप्प्यात संकटग्रस्तापर्यंत पोहोचते. पीएलबीला मासिक वर्गणी लागत नाही. बॅटरी पुन्हा चार्ज करावी लागत नाही, मात्र ती काही वर्षांनी बदलावी लागते. संकेत सुरू केल्यावर ती किमान २४ तास चालणे अपेक्षित असते. पीएलबीवरून संवाद साधता येत नाही. युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीशी जोडलेल्या काही नव्या पीएलबींवर संकेत पोहोचल्याची पोच तेवढी मिळते.

सॅटेलाइट मेसेंजर: यावरून लेखी संदेश पाठवता व बहुतेक उपकरणांवर स्वीकारता येतात. आपत्कालीन कळ दाबल्यास सूचना कंपनीशी संलग्न खासगी प्रतिसाद केंद्राकडे जाते आणि ते केंद्र स्थानिक यंत्रणेशी संपर्क साधते. दुखापतीचे स्वरूप, जखमींची संख्या, हवामान इत्यादी माहिती देता येणे हा याचा मुख्य लाभ आहे. त्यामुळे पथकाला योग्य तयारीनिशी निघता येते. मात्र वर्गणी चालू ठेवावी लागते, बॅटरी चार्ज करावी लागते आणि संकेताची शक्ती पीएलबीपेक्षा कमी असते.

सॅटेलाइट फोन: यावर प्रत्यक्ष बोलता येते. तो तुलनेने महाग असतो. संकटसंकेत आपोआप पाठवण्याची सोय सर्व फोनांत नसते, त्यामुळे कोणाला फोन करायचा हे आधीच ठरवावे लागते.

निवडीचे निकष

उपग्रहजाल: इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि संदेश एकमेकांकडे सोपवतात, त्यामुळे ध्रुवप्रदेशांसह संपूर्ण पृथ्वीवर सेवा मिळते. ग्लोबलस्टारचे उपग्रह आलेला संकेत तसाच जमिनीकडे परतवतात. त्यासाठी वापरकर्ता आणि भूस्थानक हे दोन्ही एकाच उपग्रहाच्या टप्प्यात असावे लागतात. भूस्थानके दूर असलेल्या प्रदेशांत ही सेवा खंडित होते. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या भूस्थिर उपग्रहांवरील सेवेत, मधे डोंगर आल्यास खोल दरीतून संपर्क होत नाही.

प्रवासाचे स्वरूप: वर्षातून एखाद-दुसरी मोहीम करणाऱ्यास वर्गणी नसलेली पीएलबी सोयीची ठरते. दीर्घ मोहिमांत हवामानाचा अंदाज मिळवणे आणि कुटुंबाला खुशाली कळवणे आवश्यक असल्यास मेसेंजर उपयुक्त असतो. अतिथंड प्रदेशात चार्ज होणाऱ्या बॅटरीची क्षमता घटते, हेही लक्षात घेतले जाते.

नोंदणी: पीएलबीची नोंदणी नसल्यास संकेत कोणाचा आहे हे बचाव यंत्रणेला कळत नाही आणि तो खरा की चुकून पाठवला गेला याची शहानिशा करण्यात वेळ जातो. नोंदणीत दिलेले संपर्क क्रमांक अशा व्यक्तींचे असावेत, ज्यांना प्रवासाचा मार्ग माहीत आहे. न्यूझीलंडमध्ये ही नोंदणी निःशुल्क असून तेथे पीएलबी भाड्यानेही मिळतात.

मर्यादा

सर्वच उपकरणांना मोकळे आकाश लागते. दाट झाडी, घळ किंवा कड्याचा आडोसा यांमुळे संकेत अडतो. संकेत पोहोचला तरी मदत लगेच येईल असे नाही. खराब हवामानात हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि पायी पथकाला अनेक तास लागू शकतात. त्यामुळे प्रथमोपचार साहित्य, उबदार कपडे आणि मार्गाची पूर्वसूचना यांना ही उपकरणे पर्याय ठरत नाहीत.

भारतातील स्थिती

भारत कोस्पास-सारसॅटचा सदस्य आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे बंगळूर येथील मोहीम नियंत्रण केंद्र संकटसंकेत स्वीकारून ते बचाव यंत्रणांना कळवते.

दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे किंवा वापरणे मात्र भारतात बेकायदेशीर आहे. मेसेंजरांवरही याच कारणाने कारवाई झालेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील विमानतळावर असे उपकरण आढळल्याने परदेशी प्रवाशाला ताब्यात घेण्यात आले होते. या निर्बंधांना सुरक्षेची पार्श्वभूमी आहे. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याच्या तपासात हल्लेखोरांनी सॅटेलाइट फोन वापरल्याचे आढळले होते. भारत संचार निगम लिमिटेडमार्फत २०१७ पासून इनमारसॅटवर आधारित परवानाधारक फोन सेवा उपलब्ध आहे.

परिणामी, परदेशातील पदभ्रमणासाठी विकत घेतलेले उपकरण भारतात परतताना सामानात असल्यास तेही अडचणीचे ठरू शकते. अशा प्रवासात त्या देशातच भाड्याने उपकरण घेऊन निघण्यापूर्वी परत करणे हा एक पर्याय आहे.