गिलावा लागायच्या आधी

जुन्या घरावर मजला चढवताना ठेकेदाराच्या हातून चुका होणारच, असं धरूनच चालावं. चूक कधी दिसते, यावर पुढचं सगळं अवलंबून. गिलाव्याआधी दिसली तर ती ठेकेदाराची, नंतर दिसली तर तुमची.

आमचं साताऱ्यातलं घर 1988 सालचं, नुसत्या तळमजल्याचं. धाकट्याच्या लग्नाआधी वर दोन खोल्या आणि बाथरूम काढायचं ठरलं. जुना पाया वरचं वजन पेलेल ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतलं, नगरपालिकेची परवानगी काढली आणि काम सुरू झालं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. बांधकामातलं फारसं कळत नाही, पण ‘का?’ विचारायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही.

स्लॅबचं सेंट्रिंग उतरवलं तेव्हा एका बीमच्या पोटाला, कॉलमच्या अगदी लगत, भोकंच भोकं दिसली. खडी सुटी, मध्ये सिमेंटचा पत्ता नाही, खालची सळी उघडी. साइटवर याला हनीकोम्ब म्हणतात. मुकादम घमेल्यात माल कालवून हजरच होता.

“काळजी करू नका मॅडम, गिलाव्यात झाकून जातंय.”

“दादा, थापी खाली ठेवा. आधी फोटो काढते, मग इंजिनिअरसाहेब बघतील.”

इंजिनिअर आले, हातोडीने ठोकत गेले. चांगल्या जागी खणखणीत आवाज, त्या कोपऱ्यात बद्द. बीम-कॉलमच्या जोडावर सळ्यांची दाटी असते. तिथे व्हायब्रेटरची सुई पोचलीच नव्हती. शिवाय फळ्यांच्या फटीतून सिमेंटचा रस गळून गेला होता. भोकं वरवरची असती तर मसाला भरून भागलं असतं. पण सळी दिसते म्हणजे तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर गेलं. बीमला ते साधारण 25 मिलिमीटर तरी हवं. नाहीतर सळी गंजते, गंजून फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. मग खाली पुन्हा टेकू लावले, सुटा भाग फोडून काढला, सळी तारेच्या ब्रशने घासली आणि फळी बांधून न आकसणारं ग्राउट ओतलं. खर्च ठेकेदाराने केला. कुरकुर भरपूर झाली, भांडण मात्र झालं नाही. स्लॅबचा हप्ता अजून माझ्याकडेच होता ना!

खरी दोरी तीच. स्लॅब, वीटकाम, गिलावा असे टप्पे पाडून पैसे द्यायचे आणि टप्पा इंजिनिअरने पाहिल्यावरच हप्ता सोडायचा, हे आम्ही करारात लिहून घेतलं होतं. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर. साताऱ्याचा पाऊस कुणाची भीड ठेवत नाही, तोच खरा परीक्षक.

टेकू काढायची घाई हा दुसरा नेहमीचा घोळ. सेंट्रिंगचं सामान पुढच्या साइटवर हवं असतं, म्हणून ठेकेदार उतावीळ. भारतीय मानक 456 प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे 14 दिवस ठेवायचे असतात. हे आधीच सांगून ठेवावं.

बाथरूममध्ये कोब्याचा उतार दाराकडे गेला होता. हे कळलं, कारण फरशी लावण्याआधी जाळीचं तोंड बुजवून, पाणी भरून दिवसभर ठेवायला लावलं. गळती नव्हती, पण पाणी दाराशीच तुंबलं. कोबा उखडून परत केला. फरशीनंतर हेच काम तिप्पट महाग पडलं असतं, आणि ते कुणी करायचं यावर वाद झाला असता तो वेगळाच.

एक पथ्य पाळलं. गवंड्याला कधी बोलले नाही. तो सांगितलं तसं करतो. जे बोलायचं ते ठेकेदाराशी, आणि त्याच संध्याकाळी फोटोसह व्हॉट्सअ‍ॅपवर. तोंडी कबुली दुसऱ्या दिवशी विरून जाते.

एवढं करूनही ठेकेदार हात वर करत असेल, तर घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ‘सेवा’ आहे. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, 5 लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. मुदत दोन वर्षांची. पावत्या, करार आणि फोटो तेवढे जपून ठेवा.