यादवी : भांडण कोणाचं, किंमत कोणाची?

एकाच देशातल्या माणसांनी आपसांत केलेल्या युद्धाला मराठीत दोन शब्द आहेत. पाठ्यपुस्तकात 'गृहयुद्ध' आणि एरवी 'यादवी'. मला दुसरा शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण त्याच्यामागे गोष्ट आहे. महाभारताच्या मौसलपर्वात शाप मिळालेले यादव प्रभासक्षेत्री जमतात, दारू पितात, सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात जुन्या युद्धावरून शब्दाला शब्द लागतो, आणि बघता बघता समुद्रकाठचं गवत उपटून सगळं कूळ एकमेकांना मारून टाकतं.

पण इतिहास समजून घ्यायचा तर हाच शब्द अडचणीचाही ठरतो. गोष्टीत दोष जातो शापाकडे आणि दारूकडे. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, भावाभावांची डोकी फिरली, दुसरं काय! खऱ्या यादवीला मात्र कारण असतं आणि ते शोधता येतं. अमेरिकेचं १८६१ ते १८६५ चं युद्ध हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. त्याची कागदपत्रं भरपूर आहेत, आणि त्याचे धागे आपल्या मुलखापर्यंत येतात.

भांडण कशावरून?

१८६० साली अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती. त्यांतले जवळजवळ ४० लाख लोक गुलाम होते, आणि ते बहुतेक सगळे दक्षिणेकडच्या राज्यांत. याचं मोठं कारण कापूस. १७९३ मध्ये एली व्हिटनीने कापसातली सरकी काढायचं यंत्र तयार केलं. यंत्र आलं की कष्ट कमी व्हावेत, पण इथे उलटं झालं. सरकी झटपट निघू लागली म्हणून लागवड वाढली, लागवड वाढली म्हणून वेचणीला जास्त माणसं लागली, आणि ती माणसं बाजारात विकत घेतली गेली. मळेवाल्यांच्या हिशेबात गुलाम म्हणजे मालमत्ता. कर्ज काढताना त्यांना तारण म्हणूनही ठेवत.

उत्तरेत गुलामगिरी हळूहळू संपत आली होती. वाद पेटला तो पश्चिमेकडे नव्याने जोडल्या जाणाऱ्या प्रदेशांवरून. तिथे गुलामगिरी चालणार की नाही? कारण नवं राज्य ज्या बाजूचं, त्या बाजूची सिनेटमधली मतं वाढणार. चर्चसुद्धा यातून सुटलं नाही. याच प्रश्नावर १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बाप्टिस्ट मंडळी उत्तर-दक्षिण अशी दुभंगली. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाकडे एकमेकांविरुद्ध मदत मागतात, हे लिंकन यांनी मार्च १८६५ मधल्या आपल्या भाषणात बोलून दाखवलं होतं. देश फुटायच्या १५ वर्षं आधी प्रार्थनामंदिरं फुटली होती, हे आपल्यासारख्या महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ठिणगी आणि नंतरची सारवासारव

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आले. जिथे गुलामगिरी आहे तिथली मी काढून टाकीन, असं ते तेव्हा म्हणत नव्हते. ती नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, एवढीच त्यांच्या पक्षाची भूमिका होती. तेवढंही दक्षिणेला सोसलं नाही. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना देशातून बाहेर पडलं. १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि युद्ध सुरू झालं. शेवटी फुटून निघालेली राज्यं झाली ११.

युद्ध हरल्यावर दक्षिणेतले पुष्कळ लोक सांगू लागले की भांडण गुलामगिरीवरून नव्हतंच, ते 'राज्यांच्या हक्कां'वरून होतं. आजही हे म्हणणारे भेटतात. पण बाहेर पडताना या लोकांनी स्वतः काय लिहिलं ते बघा. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात आपला प्रश्न गुलामगिरीशी जोडलेला आहे, असं सरळ म्हटलं आहे. फुटीर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये भाषण करून गोरे-काळे समान नाहीत हाच आपल्या नव्या सरकारचा पाया, असं सांगितलं. आणि राज्यांचे हक्क एवढे प्रिय होते, तर १८५० चा कायदा याच मंडळींना कसा चालला? पळालेले गुलाम उत्तरेतल्या राज्यांनी पकडून परत द्यावेत, म्हणून तो केंद्राच्या बळावर केलेला होता.

यातून मी एक गोष्ट शिकले. कोणत्याही यादवीचं कारण शोधताना लोक हरल्यानंतर काय म्हणाले त्यापेक्षा सुरुवातीला काय म्हणाले ते आधी वाचावं.

किंमत

या युद्धात मेलेल्या सैनिकांचा वर्षानुवर्षं सांगितला जाणारा आकडा आहे सुमारे ६ लाख २० हजार. त्यांतले निम्म्याहून जास्त गोळीने नाही, तर हगवण, विषमज्वर अशा आजारांनी गेले. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने फुटीर राज्यांतले गुलाम मुक्त ठरवले, आणि सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. म्हणजे ज्यांच्यावरून भांडण चाललं होतं ते नुसते बघत बसले नव्हते.

झळ इथवरही पोचली. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा धो धो आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या.

समेट कोणाच्या जिवावर?

मला या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो. युद्धानंतर तीन घटनादुरुस्त्या झाल्या. १८६५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, १८६८ मध्ये नागरिकत्व आणि समान संरक्षण मिळालं, १८७० मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारायला मनाई झाली. त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सिनेटर झाले, तेही मिसिसिपीतून. पण १८७७ मध्ये एका राजकीय तडजोडीत दक्षिणेतल्या सरकारांना आधार देणारं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. मग मतदानावर अटी आल्या, वेगळे डबे, वेगळ्या शाळा आल्या, आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही फारकत मान्य केली.

१९१३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर ५० हजारांहून अधिक म्हातारे सैनिक जमले. एकेकाळच्या शत्रूंनी हातात हात घेतले. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी भाषणात भाऊ एक झाल्याचा आनंद व्यक्त केला. त्या भाषणात गुलामगिरीचा उल्लेखही नव्हता. भावाभावांचा समेट झाला खरा, पण ज्यांच्या प्रश्नावरून युद्ध पेटलं ते त्या घरात मोजलेच गेले नाहीत. त्यांना दक्षिणेत मताचा हक्क खऱ्या अर्थाने मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला.

मौसलपर्वाच्या शेवटीही असंच आहे. यादव मेले, पण गोष्ट तिथे संपत नाही. मागे राहिलेल्या बायकामुलांना घेऊन अर्जुन निघतो आणि वाटेत लुटारू त्यांच्यावर तुटून पडतात. न लढलेल्यांच्या वाट्याला काय आलं, हे आपल्या जुन्या कथेने सांगितलंय, आपणच तिथवर वाचत नाही.

हे पुण्यात बसून एका माणसाला नेमकं दिसलं होतं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. अमेरिकेतल्या युद्धाकडे त्यांनी भाऊबंदकी म्हणून पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, यातून सुटलं कोण, आणि आपल्याकडचे शूद्रातिशूद्र कधी सुटणार?

म्हणून स्पेनची यादवी (१९३६ ते १९३९) वाचा किंवा शेजारच्या श्रीलंकेची (१९८३ ते २००९), कोण जिंकलं एवढ्यावर थांबू नका. भांडण कशावरून होतं आणि समेटाच्या वेळी कोणाला बाहेर ठेवलं, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर युद्ध संपलं असं मी तरी म्हणणार नाही.