कायम होण्याची वाट

1982च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला, तोवर शाळा सुटलेल्या कामगाराच्या पोराचा रस्ता ठरलेला असे. वडिलांच्या ओळखीने बदली म्हणून नाव लावायचं, रोज गिरणीच्या दाराशी हजर व्हायचं, कुणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी काम करायचं. तेही बेभरवशाचंच जिणं. बदली कामगारांना कायम करा, ही त्या संपातलीही एक मागणी होती. पण काही वर्षं रेटली की कायम होण्याची आशा तरी होती. संप फसला, गिरण्या गेल्या आणि ती आशाही गेली.

पुढे कारखाने चाकण, रांजणगावला वाढले. मराठवाड्यातली आयटीआय झालेली पोरं तिकडे निघाली. एका खोलीत सहा-सात जण. डे शिफ्टवाले उठले की नाइटवाले त्याच गाद्यांवर आडवे. वर्षात 240 दिवस भरले की सलग सेवेचं संरक्षण मिळे, म्हणून सात महिने होत आले की ठेकेदाराचा माणूस गेटपास जमा करून घेई. याला म्हणायचं 'ब्रेक'. थोड्या दिवसांनी तोच मुलगा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, पुन्हा नवखा म्हणून, नवख्याच्याच पगारावर लागे.

2013 साली 'नीम' योजना आली. तिच्यात तीन वर्षांपर्यंत 'ट्रेनी' ठेवता येई. कामगाराचा दर्जा नाही, त्यामुळे पीएफ नाही. 2023मध्ये राज्य सरकारनेच बाह्य एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश काढला. संताप उसळल्यावर तो मागे घेतला. 2024च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना 6,000, पदवीधराला 10,000 रुपये, तेही सहा महिने. पुढे पाच महिने वाढवून मिळाले. ते संपल्यावर ही मुलं कायम करा म्हणत रस्त्यावर उतरली.

आजच्या पोरांना कष्ट नकोत, असं म्हणणाऱ्यांनी 2024ची पोलीस भरती आठवावी: जागा 17 हजारांवर, अर्ज 17 लाखांवर. पहाटे मैदानात धावणाऱ्या या मुलांना कष्टाचं भय नाही. त्यांना हवी आहे केलेल्या कामाची नोंद. कुठल्याही ठेकेदाराकडे काढलेला प्रत्येक महिना सेवेत धरा, आणि जिथे शिकवलंत तिथल्या रिकाम्या जागेवर पहिला हक्क त्यांना द्या.