मर्तिकाचे पॅकेज आणि बावीस प्रतिज्ञा

शहरात माणूस मेला की नातेवाइकांच्या आधी दलाल हजर होतो. गेल्या वर्षी आमच्या चुलती कालकथित झाल्या, तेव्हा इस्पितळाच्या फाटकातच एकाने आम्हाला गाठले. तिरडी, मडके, गुलाल, भटजी, दहाव्याचे सामान, गाडी, सगळ्याचा मिळून एकच भाव. आम्ही बौद्ध आहोत, मडके-भटजी नको, चुलतींच्या इच्छेप्रमाणे दफन करायचे आहे, असे सांगितले. तो म्हणाला, "काही नको असले तरी भाव तोच, साहेब. खड्ड्याचे वेगळे." पावती मागितली, तेव्हा भाव निम्म्यावर आला!

प्रश्न पैशांचा आहेच, पण तेवढाच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची, आठवी ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करविण्याची. सभेत त्या आपण खड्या आवाजात म्हणतो. मयत दारात असताना मात्र 'सगळेच करतात' म्हणून पिंड मागच्या दाराने घरात येतो. मयताच्या घरी वाद कोण घालणार? दलालाला हे नेमके ठाऊक असते.

आपल्या आज्या-पणज्यांनी वतनाच्या नावाखाली गावोगाव मर्तिकाचा सांगावा नेला, सरणाची लाकडे वाहिली, मोबदल्यात मढ्यावरचे कापड घेतले. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. आता त्यांच्याच नातवंडांना तेच कापड अव्वाच्या सव्वा भावाने विकले जाते.

कायद्याला काय लागते? मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला आणि २१ दिवसांत नोंद. भटजीची चिठ्ठी कोठेही लागत नाही. घटनेच्या कलम २१ मधील प्रतिष्ठा मृतदेहालाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली परमानंद कटारा प्रकरणात मान्य केले. गावाकडे अनुसूचित जातीच्या माणसाला स्मशानभूमी इतरांच्या बरोबरीने वापरू न देणे हा तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे.

प्रत्येक विहार समितीने एक स्ट्रेचर, पांढरे कापड, मेणबत्त्या आणि बौद्धाचार्यांचे फोन नंबर तयार ठेवावेत. त्रिशरण-पंचशीलाला दलाल लागत नाही. दफनभूमीच्या फाटकावर दरफलक लावावा, प्रत्येक पैशाची पावती द्यावी, असा लेखी अर्ज पालिकेकडे करावा. मसुदा आमच्याकडे तयार आहे, समितीचे लेटरहेड तेवढे घेऊन यावे.